पायाचे रक्ताभिसरण : इंजेक्शन की चालणे?

आठवडे बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. त्या गर्दीत अवसरी खुर्दच्या एका वस्तीवरचे अडुसष्ट वर्षांचे आबा मुलाला घेऊन बसले होते. नंबर आल्यावर मुलाने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शहरातल्या एका केंद्राचा तो कागद होता. वडिलांच्या पायांत रक्त कमी जाते, आठ इंजेक्शने घ्यावीत, त्यामुळे हाडांतल्या मूळ पेशी रक्तात उतरतील आणि पायात नव्या रक्तवाहिन्या तयार होतील, असे त्यावर लिहिले होते. खाली रकमेचा आकडा होता. तो आकडा येथे देत नाही. दोन दुभत्या गाई विकल्यावर तो उभा राहणार होता एवढे सांगितले म्हणजे पुरे. गिऱ्हाईक ठरलेही होते. "डॉक्टरसाहेब, गुरुवारी पैसे भरायचेत. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं," मुलगा म्हणाला.

मी आबांना विचारले, "त्रास नेमका काय होतो?"

"विजेचे तीन खांब चाललो की उजवी पिंढरी धरती बघा. दगडासारखी होती. मिनिट-दोन मिनिटं उभा राहिलो की मोकळी. मग पुन्हा तीन खांब. पूर्वी भैरवनाथाच्या देवळापर्यंत एका दमात जायचो. आता लोकांना वाटतं, म्हातारा जो भेटेल त्याच्याशी गप्पा मारत उभा राहतो."

अगदी पाठ्यपुस्तकात शोभावे असे हे वर्णन होते. आबांच्या पायाला रक्त कमी पडत होते, हे केंद्राचे निदान बरोबर होते. प्रश्न होता तो उपायाचा. असे कागद अलीकडे आणखी दोघांनी मला आणून दाखवले आहेत, म्हणून आजचा लेख या विषयावर.

पायाला रक्त कमी का पडते?

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त रोहिण्यांतून पायांपर्यंत पोचते. वय वाढते तसा या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरावर चरबी आणि चुना साचत जातो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ठिबकच्या नळीत क्षार धरले की नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. पायाचे तसेच. माणूस बसलेला असतो तेव्हा स्नायूंची गरज थोडी असते, म्हणून दुखत नाही. चालू लागला की पोटरीला कितीतरी पट जास्त रक्त लागते. तेवढे अरुंद नळीतून येत नाही आणि स्नायू ओरडू लागतो. थांबले की मागणी कमी होते आणि दुखणे मिटते.

हा विकार तंबाखू ओढणाऱ्यांत व खाणाऱ्यांत, मधुमेह्यांत, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्यांत जास्त आढळतो. पायाच्या रोहिणीत जे साचते तेच हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिणीतही साचत असते. म्हणून अशा रुग्णाला पायाइतकाच, किंबहुना जास्त, धोका हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो. पिंढरी धरणे ही वरून आलेली सूचना आहे असे समजावे.

प्रत्येक पायदुखी ही नव्हे

पाय दुखतो असे सांगत येणाऱ्या दहा जणांत बहुतेकांचे दुखणे दुसरेच असते. गुडघा झिजला असेल तर पहिल्या पावलालाच, उठता-बसता आणि पायरी चढताना दुखते. फुगलेल्या शिरांचे दुखणे दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी जड जड वाटण्याचे असते आणि पाय वर घेतला की बरे वाटते. कंबरेतल्या मणक्यांची जागा अरुंद झाली असेल तर चालल्यावर दोन्ही पाय भरून येतात, पण नुसते उभे राहून ते मोकळे होत नाहीत. बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. असा माणूस सायकल मैलभर चालवील, पण चालत शंभर पावले जाणार नाही. रक्त कमी पडण्याचे दुखणे मात्र ठरावीक अंतराला येते आणि उभ्या उभ्या जाते. चढावर लवकर येते, सपाटीवर उशिरा.

दुसरी खूण पायाच्या नाडीची. मनगटाला नाडी लागते तशी पायालाही दोन ठिकाणी लागते. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या रेषेत, मध्यावर. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. आबांच्या उजव्या पायाच्या दोन्ही नाड्या मला लागल्या नाहीत. पावलावरचे केस गेलेले, कातडी चकचकीत, आणि डाव्यापेक्षा उजवे पाऊल हाताला थंड.

येथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी एका शिक्षकांच्या पोटरीच्या दुखण्यावर मी सहा महिने वेदनाशामक गोळ्या आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शने देत राहिलो. कंबरेचा फोटो काढला, त्यात वयोमानाने दिसायचे ते दिसले, आणि दुखणे कंबरेचेच असे मी ठरवून टाकले. त्या सहा महिन्यांत त्यांच्या पायाची नाडी मी एकदाही पाहिली नव्हती. अंगठ्याची जखम भरेना तेव्हा पाहिली. तेव्हापासून पाय दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चप्पल आणि मोजे काढायला सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी नाही सांगितले तर तुम्ही होऊन काढा.

खात्रीसाठी एक सोपी तपासणी आहे. दंडाचा रक्तदाब घ्यायचा, घोट्याचा घ्यायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. नाडीचा आवाज ऐकवणारे लहानसे डॉपलर यंत्र त्यासाठी लागते. उत्तर एकाच्या आसपास आले तर रक्तपुरवठा ठीक. ०.९ किंवा त्याहून कमी आले तर रोहिणी अरुंद आहे. ०.४ च्या खाली गेले तर पाय धोक्यात आहे. आबांना पुण्याला पाठवले. दंडाचा आकडा १४०, उजव्या घोट्याचा ९१. भागाकार ०.६५. म्हणजे विकार निश्चित, पण पाय धोक्यात नाही. जुन्या मधुमेह्यांच्या रोहिण्या चुन्याने कडक झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात हा आकडा फसवा निघू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

ते इंजेक्शन काय आहे?

आता त्या कागदाकडे वळू. त्यात लिहिलेले सगळे थापाच होत्या असे मुळीच नाही. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तिच्यातल्या मूळ पेशींपासून रक्तातल्या सगळ्या पेशी तयार होतात. शरीरातच तयार होणारे काही रासायनिक पदार्थ या मज्जेला हुकूम देतात की पेशी वाढवा, बाहेर सोडा. हे पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले आणि जीसीएसएफ व जीएमसीएसएफ या नावांची दोन औषधे तयार झाली. १९९१ साली दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या असंख्य रुग्णांना ही औषधे उपयोगी पडली आहेत. रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याच्या मूळ पेशी द्यायच्या असतात, तेव्हा दात्याला चार-पाच दिवस जीसीएसएफचे इंजेक्शन देऊन मज्जेतल्या पेशी रक्तात उतरवतात आणि त्या गोळा करतात. तेथे या औषधाची जागा पक्की आहे.

१९९७ साली बोस्टन येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ डॉ. ताकायुकी आसाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, प्रौढ माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या काही पेशींपासून रक्तवाहिनीच्या अस्तरासारख्या पेशी बनू शकतात. तेथून आशा वाढली. मज्जेतून अशा पेशी मुद्दाम रक्तात सोडल्या, तर त्या अरुंद रोहिणीच्या बाजूने नव्या वाटा काढतील का? मुख्य चारी बुजली तरी पाणी बाजूने पाझरत पुढे जाते, तसे रक्तही आडवाटांनी जाते. त्या आडवाटा औषधाने रुंदावता आल्या तर शस्त्रक्रियेची गरजच पडणार नाही. विचार चुकीचा नव्हता. पण विचार बरोबर असणे वेगळे आणि रुग्ण जास्त चालू लागणे वेगळे.

ते पाहण्यासाठी प्रयोग झाले. यांतल्या चांगल्या प्रयोगांची रीत अशी की, रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडायचे, एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण औषध नसलेले इंजेक्शन द्यायचे. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला.

२००५ साली युरोपातल्या ४० रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जीएमसीएसएफची इंजेक्शने चौदा दिवस दिली होती. औषध घेतलेले रुग्ण पूर्वीपेक्षा जास्त चालू लागले. पण पोकळ इंजेक्शन घेतलेलेही तितकेच जास्त चालू लागले!

२०१३ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरातून १५९ रुग्णांवरचा प्रयोग जाहीर झाला. आठवड्यातून तीन वेळा, चार आठवडे इंजेक्शने. शिवाय दोन्ही गटांना रोज पाय दुखेपर्यंत चालायला सांगितले होते. तीन महिन्यांनी यंत्राच्या पट्ट्यावर चालवून पाहिले. दोन्ही गट सुधारले. औषधाच्या गटाची सुधारणा थोडी जास्त दिसली, पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, असे गणित निघाले.

मग २०१७ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. मेरी मॅकडरमॉट यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. माझ्या मते आबांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. २१० रुग्ण, सरासरी वय सदुसष्ट. चार गट केले. पहिल्याला देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम आणि खरे इंजेक्शन, दुसऱ्याला व्यायाम आणि पोकळ इंजेक्शन, तिसऱ्याला व्यायाम नाही पण खरे इंजेक्शन, चौथ्याला दोन्ही नाही, फक्त आरोग्यावरची व्याख्याने. बारा आठवड्यांनी प्रत्येकजण सहा मिनिटांत किती चालतो ते मोजले. व्यायाम केलेल्या आणि पोकळ इंजेक्शन घेतलेल्या गटाने नुसती व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा तेहतीस मीटरच्या वर आघाडी घेतली. व्यायामाला खऱ्या इंजेक्शनाची जोड दिली तेव्हा त्यात काही भर पडली नाही. आणि व्यायाम न करता नुसते इंजेक्शन घेतले त्यांनाही म्हणण्याजोगा फायदा झाला नाही.

म्हणजे तेच औषध, त्याच विकारावर, त्याच वयाच्या माणसांना देऊन पाहिले. गुण आला तो चालण्याचा.

मग "आमच्या पाहुण्यांना त्या इंजेक्शनाने फरक पडला" असे लोक सांगतात ते खोटे असते का? नाही. पोकळ इंजेक्शन घेतलेल्यांनाही फरक पडलाच होता. पैसे मोजलेला माणूस तंबाखू कमी करतो, पथ्य पाळतो, इंजेक्शनाने गुण आला का हे बघायला रोज थोडे चालून पाहतो. गुण त्याचा असतो, श्रेय इंजेक्शनाला मिळते. शिवाय ही औषधे अगदी निरुपद्रवी नाहीत. हाडे दुखणे, ताप, टोचल्या जागी लाली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम वाढणे हे त्रास होतात. जीसीएसएफने क्वचित प्रसंगी प्लीहा फुटल्याच्याही नोंदी आहेत.

मूळ पेशींचे सगळेच उपचार निरर्थक का?

असे म्हणणेही घाईचे होईल. रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी काढून त्याच्या पायाच्या रोहिणीत सोडण्याचा १६० रुग्णांवरचा प्रयोग नेदरलँड्समधल्या उत्रेख्त येथे झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. पाय कापण्याचे प्रमाण त्याने कमी झाले नाही. आपल्या देशात बंगळुरूच्या एका कंपनीचे, दात्याच्या मज्जेतल्या पेशी वाढवून बनवलेले, स्टेमप्युसेल नावाचे औषध आहे. केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी त्याला २०१६ साली मर्यादित परवानगी दिली आणि २०२० साली ती वाढवली. परंतु ते पाय जाण्याच्या अवस्थेला पोचलेल्या रुग्णांसाठी आहे. तीन खांब चालून थांबणाऱ्या आबांसाठी नाही. ते स्नायूत टोचायच्या पेशींचे औषध आहे, मज्जेतून पेशी उतरवणारे इंजेक्शन नव्हे. नावे सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो आणि त्या घोटाळ्यावर काहींचे दुकान चालते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली मूळ पेशींबाबत मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. मान्यता मिळालेले उपचार सोडून मूळ पेशींचा बाकी वापर हा प्रयोग समजावा आणि प्रयोगात सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेऊ नयेत, अशी त्यांची भूमिका आहे. म्हणून असा कागद हातात पडला तर तीन प्रश्न विचारा. माझ्या विकारासाठी या औषधाला सरकारची मान्यता आहे का? नसेल तर हा प्रयोग आहे का, आणि त्याची नोंद देशाच्या चिकित्साप्रयोग नोंदवहीत कोणत्या क्रमांकाने आहे? प्रयोग असेल तर पैसे कशाचे? ही तीन उत्तरे मराठीत, लेखी मागा. खरा संशोधक ती आनंदाने देईल.

चालण्याचे औषध कसे घ्यावे?

"अहो, शेतात दिवसभर चालतोच की," आबा म्हणाले. हा प्रश्न प्रत्येक शेतकरी विचारतो. शेतातले चालणे म्हणजे दहा पावले गेले, वाकले, उभे राहिले, परत फिरले. पाय दुखण्याआधीच माणूस थांबतो. औषधाचे चालणे निराळे. १८९८ सालीच जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब यांनी या विकारात चालण्याचा सल्ला दिला होता आणि १९६६ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी दोन गटांची तुलना करून त्याचा गुण दाखवला. कृती अशी :

सपाट जागा निवडा. घरून निघण्याआधी घड्याळ पाहा. नेहमीपेक्षा जरा झपाट्याने चाला. पोटरी धरू लागली की लगेच थांबू नका. दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत, पण असह्य होण्याआधीपर्यंत चाला. साधारण तीन ते पाच मिनिटांत अशी वेळ यावी इतपत वेग ठेवा. मग कट्ट्यावर बसा. दुखणे पूर्ण जाऊ द्या. पुन्हा उठा, पुन्हा चाला. चालणे-बसणे मिळून सुरुवातीला अर्धा तास, पुढे दर आठवड्याला थोडे वाढवत पाऊण तास. आठवड्यातून निदान तीन दिवस, जमल्यास पाच. हे बारा आठवडे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत काही फरक दिसत नाही आणि बहुतेकजण तेथेच सोडतात. तेथे सोडू नका.

दुखेपर्यंत चालायचे यात पाय बिघडत तर नाही ना, अशी भीती वाटते. डॉ. मॅकडरमॉट यांच्याच २०२१ सालच्या ३०५ रुग्णांवरच्या प्रयोगात याचे उत्तर आहे. पाय दुखेल असे चालणाऱ्यांना वर्षाअखेर फायदा झाला. दुखू नये अशा बेताने हळूहळू चालणाऱ्यांना झाला नाही. दुखण्याने स्नायू थोडक्या प्राणवायूत काम भागवायला शिकतो आणि आडवाटांनाही रक्त ओढून न्यायची सवय लागते, असे समजा.

काही सावधगिरी मात्र हवी. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. पायाला जखम असेल किंवा बसल्या जागीही पाय दुखत असेल तर हा व्यायाम नाही, थेट रुग्णालय. आणि आपल्या जुन्नर-आंबेगावकरांसाठी एक खास सूचना : पहाटे अंधारात उसाच्या कडेने चालायला जाऊ नका. बिबट्याला तुमच्या पोटरीच्या दुखण्याशी देणेघेणे नाही. उजाडल्यावर, रहदारीच्या रस्त्याने, शक्यतो सोबतीने चाला. शाळेचे मैदान किंवा आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे जाणारा रस्ता बरा.

तंबाखू आणि मिश्री

चालण्याइतकेच मोठे औषध म्हणजे तंबाखू सोडणे. बिडी रोहिणी आकसवते, रक्त घट्ट करते, अस्तर खरवडते. लिओ बर्जर यांनी १९०८ साली वर्णन केलेला एक विकार तर तरुण वयातच बोटे काळी पाडतो आणि तो जवळजवळ सर्वस्वी तंबाखूशी जोडलेला आहे. त्यात तंबाखू सुटली तर पाय वाचतो, नाही सुटली तर बाकी उपचार फुकट जातात. पुरुषांना विचारले तर ते निदान कबूल करतात. बायकांना "तंबाखू खाता का?" म्हटले की "छे, छे!" असे उत्तर येते. "मिश्री लावता का?" असे विचारावे लागते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. दिवसातून चार वेळा हिरडीला चोळली तर ती रक्तात जाते. सूनबाईंनो, सासूबाईंची डबी लपवून भांडण ओढवून घेऊ नका. पण पाय दुखतो अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना डबीचे आवर्जून सांगा.

साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आणि रक्त गोठू न देणारी ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेलची गोळी हे उपचार बहुतेक रुग्णांना लागतात. या गोळ्या मुख्यतः हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी असतात, म्हणून पोटरीचे दुखणे थांबले तरी त्या बंद करायच्या नाहीत. सिलोस्टॅझॉल नावाच्या गोळीने काहींचे चालण्याचे अंतर वाढते. मात्र ज्यांचे हृदय कमकुवत झाले आहे त्यांना ती वर्ज्य आहे. म्हणून शेजाऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नये.

पाय कसे जपावेत?

रक्त कमी असलेल्या पायाची लहान जखमही भरत नाही, म्हणून जखम होऊच न देणे हा शहाणपणा. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळपाय उजेडात पाहावा. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायला हरकत नाही. पण तापलेल्या विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, शेगडी यांपासून पाय दूर ठेवावा. मधुमेहात भाजलेले कळत नाही. कुरूप पात्याने कापू नये. डाग देण्याच्या तर वाटेलाही जाऊ नये. वारी अनवाणी करण्याचा नवस असेल तर विठ्ठलाची क्षमा मागून जाड तळव्याची, बोटांना न चावणारी पादत्राणे घालावीत.

गेल्या हिवाळ्यात एका आजीबाईंना त्यांच्या लेकीने आणले. रात्री पाय दुखायचा म्हणून त्या खाटेवरून पाय खाली सोडून झोपत. पाय गार लागतो म्हणून कोणी तरी विटेने शेकायला सांगितले. टाचेला फोड आला, फुटला, चिघळला. महिनाभर निरनिराळे लेप झाले. मी पाहिले तेव्हा दोन बोटे काळी होती. पुण्यात पाय वाचवायचे प्रयत्न झाले, पण गुडघ्याखाली कापावाच लागला. रात्रीचे दुखणे सुरू झाले तेव्हा त्या आल्या असत्या, तर रोहिणीत फुगा घालून किंवा शस्त्रक्रियेने दुसरी वाट काढून रक्त पोचवण्याचा प्रयत्न करता आला असता. ते उपाय आज आहेत आणि वेळेत झाले तर पाय वाचतात.

म्हणून पुढील खुणा दिसल्या तर थांबू नये. निजल्यावर पावलात दुखणे आणि पाय खाली सोडल्यावर बरे वाटणे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम. बोट निळे वा काळे पडणे. आणि सर्वांत तातडीचे म्हणजे पाय अचानक पांढरा, गार आणि बधिर होऊन जोराने दुखू लागणे. यात साधारण सहा तासांचा अवधी असतो. रात्र असली तरी त्याच रात्री निघावे. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, मोठे उपचार पुण्यात होतात. ससूनसारखे सरकारी रुग्णालयही आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.

आबांचे पुढे काय झाले?

मी मुलाला सांगितले, "गाई बारा आठवडे राहू द्या. तोवर आबा चालतील. नाही फरक पडला तर रोहिणीच्या शल्यचिकित्सकांकडे मी स्वतः चिठ्ठी देतो." मुलगा गप्प झाला. त्याच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. फुकटचा सल्ला आणि मोठ्या आकड्याचा कागद यांत बापासाठी कमी खर्चाचे निवडले, असे गाव म्हणेल. मुलांच्या या मायेवरच असे कागद विकले जातात. शेवटी आबाच बोलले, "गाई राहू दे रे. चालून तर बघू."

बिडी सोडायला त्यांना चार खेपा लागल्या. चालायला नातू बरोबर जाई आणि खांब मोजून वहीत लिही. पहिल्या महिनाभर वहीत तीन, तीन, चार, तीन असेच आकडे होते, आणि आबा मला जरा रागावलेही होते. सहाव्या आठवड्यात पाच झाले. बाराव्या आठवड्याच्या शेवटी ते वही घेऊन आले तेव्हा आकडा नऊ होता.

नऊ खांबांनंतर पिंढरी अजून धरते. रोहिणी काही मोकळी झालेली नाही आणि ती व्हायचीही नाही. गोळ्या चालू आहेत, दर तीन महिन्यांनी पाय तपासतो. पण देवळापर्यंत जायला आता वाटेत एकदाच थांबावे लागते. "तेवढं तर कुणाशी तरी बोलायला थांबावंच लागतं," असे आबांचे म्हणणे आहे. दोन्ही गाई दावणीला आहेत. त्यातली एक परवा व्याली.